कृमींची दीर्घ वस्ती : हत्तीरोग आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा

हत्तीरोगाला कारणीभूत असलेल्या वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या कृमीची मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब आणि दोऱ्यासारखी बारीक असते, नर तिच्या निम्म्याएवढा असतो, आणि ही जोडी माणसाच्या लसिकावाहिन्यांत साधारणपणे पाच ते आठ वर्षे जिवंत राहते. लसिकावाहिन्या म्हणजे ऊतींत झिरपलेला द्रव गोळा करून तो पुन्हा रक्तात आणून सोडणाऱ्या नलिका; प्रतिकारपेशी याच वाटेने लसिकाग्रंथींकडे जातात, आणि परक्या पदार्थाची ओळख पटवून त्याच्याविरुद्धची तयारी त्या ग्रंथींमध्येच केली जाते. घसा दुखवणाऱ्या जिवाणूचा शरीर आठवड्याभरात निकाल लावते. हा कृमी मात्र प्रतिकारपेशींच्या रोजच्या रहदारीच्या वाटेवर ठाण मांडतो, दररोज हजारो पिल्ले रक्तात सोडतो, आणि तरीही संसर्ग झालेल्या बहुतेकांना वर्षानुवर्षे ना ताप येतो, ना सूज, ना वेदना. हे कसे साधते याचा उलगडा गेल्या पन्नास-साठ वर्षांत टप्प्याटप्प्याने होत गेला. केवळ लपून राहून कृमीला इतके दीर्घायुष्य लाभत नाही. स्वतःच्या प्रतिकाराला आवर घालण्यासाठी शरीराने जी व्यवस्था उभारलेली असते, तीच तो आपल्या कामाला लावतो, आणि हत्तीरोगात दिसणारी बरीचशी विकृती ही व्यवस्था कोलमडल्यानंतर सुरू होते, असे या संशोधनाने दाखवून दिले आहे.

जिवाणू इतका लहान असतो की एखादी पांढरी पेशी त्याला सहज गिळून पचवू शकते, आणि विषाणू ज्या पेशीत शिरला असेल ती पेशी मारून टाकली की त्याचाही निकाल लागतो. कृमी हा स्नायू, आतडे, मज्जातंतू आणि कणखर त्वचा असलेला पूर्ण प्राणी असल्यामुळे यांपैकी कोणताही उपाय त्याच्यावर चालत नाही. नारूची मादी तर मीटरभर लांब होते आणि वर्षभर माणसाच्या त्वचेखाली वावरते, पण पायावर फोड येईपर्यंत त्या माणसाला तिचा पत्ता नसतो. (भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला, ही सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील फार मोठी कमाई आहे.) शिवाय बहुतेक कृमींची संख्या यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या जिवावर ते जगतात त्या प्राण्याच्या, शरीरात वाढत नाही, त्यांची अंडी किंवा पिल्ले मातीत, पाण्यात, डासात किंवा गोगलगायीत पोचली तरच पुढची पिढी तयार होते. यजमान जगला आणि हिंडत-फिरत राहिला तरच कृमीचा वंश चालतो. दुसरीकडे, एवढ्या मोठ्या प्राण्याला मारण्याइतका जहाल मारा शरीराने केला तर त्यात शरीराच्या स्वतःच्या ऊतीही होरपळून निघतात, त्यामुळे हात आखडता घेण्यात यजमानाचेही हित असते.

तरीही शरीर कृमींपुढे हतबल नसते. सस्तन प्राण्यांत कृमींसाठी प्रतिकाराची एक वेगळी तऱ्हा विकसित झालेली असून शास्त्रज्ञ तिला दुसऱ्या प्रकारचा प्रतिकार म्हणतात. आतड्याच्या किंवा फुप्फुसाच्या अस्तरातील पेशींना इजा झाली की त्यांच्यातून इंटरल्यूकिन-३३ सारखी धोक्याचा इशारा देणारी प्रथिने बाहेर पडतात. त्या इशाऱ्यावर टी-पेशी आणि त्यांच्या जोडीच्या इतर पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ ही संदेशवाहक प्रथिने स्रवतात. अशा संदेशवाहक प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. त्यांच्या प्रभावाने आतड्यात चिकट स्राव वाढतो, आतड्याचे आकुंचन जोर धरते आणि कृमी बाहेर ढकलला जाऊ लागतो; ऊतींत शिरलेल्या अळ्यांवर इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी चाल करून जातात, आणि आयजीई या प्रकारची प्रतिपिंडे, म्हणजे परक्या पदार्थाला नेमके चिकटणारी प्रथिने, त्यांना लक्ष्य दाखवून देतात. दमा आणि ॲलर्जी यांत जी यंत्रणा माणसाला हैराण करते ती हीच, आणि मुळात ती कृमींसारख्या शत्रूंसाठी घडली असावी, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.

या माऱ्यातून वाचण्याचा कृमींचा पहिला मार्ग म्हणजे ओळखू न येणे, आणि त्याचा सर्वांत सुंदर पुरावा शिस्टोसोमा या चपट्या कृमीच्या अभ्यासातून मिळाला. हा कृमी गोड्या पाण्यातल्या गोगलगायीतून बाहेर पडतो, पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून आत शिरतो आणि आतड्याभोवतीच्या किंवा मूत्राशयाभोवतीच्या शिरांत अनेक वर्षे राहतो. आफ्रिकेत त्याने कोट्यवधी लोकांना ग्रासले आहे. भारतात तो नाही असे मानले जात असतानाच, रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावात लघवीतून रक्त जाण्याच्या विकाराचे मूळ हाच कृमी असल्याचे गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये जाहीर केले, आणि परजीवीशास्त्राच्या जागतिक ग्रंथांत कोकणातल्या या लहानशा गावाची नोंद झाली. पुढच्या दशकांत तिथला प्रादुर्भाव ओसरला.

रक्तात राहणाऱ्या प्राण्याला प्रतिपिंडांपासून क्षणभरही सुटका नसते, मग हा कृमी तिथे टिकतो कसा, हा प्रश्न लंडनच्या मिल हिल येथील संशोधनसंस्थेत स्मिदर्स, टेरी आणि हॉक्ली यांनी हाती घेतला आणि १९६९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी उंदरांत वाढलेले शिस्टोसोमा शस्त्रक्रियेने माकडांच्या शिरांत सोडले. साध्या माकडात ते जगले. ज्या माकडाला आधीच उंदराच्या पेशी टोचून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करायला लावले होते, त्याच्या शरीरात मात्र ते लवकरच मेले. माकडाची प्रतिपिंडे उंदराविरुद्ध होती, कृमीविरुद्ध नव्हती. तरी मेला तो कृमी, कारण त्याच्या अंगावर उंदराचे प्रतिजन, म्हणजे प्रतिकारयंत्रणा ज्यावरून ओळख पटवते ते रेणू, चढलेले होते. हेच कृमी आधी काही दिवस साध्या माकडात ठेवून नंतर त्या तयार केलेल्या माकडात सोडले, तर ते वाचत. तेवढ्या अवधीत त्यांनी उंदराचे रेणू टाकून माकडाचे पांघरलेले असत. कृमी यजमानाच्या रक्तपेशींतील रेणू आपल्या बाह्य पटलावर चढवून घेतो आणि यजमानाच्याच रूपात वावरतो, हे या प्रयोगातून ठळकपणे दिसून आले. आज प्रत्येक रेणू यंत्राने वाचता येत असतानाही या प्रयोगाच्या रचनेतील स्वच्छ तर्क थक्क करणारा वाटतो.

याच कृमीच्या बाबतीत आणखी एक विलक्षण गोष्ट आढळली. प्रौढ शिस्टोसोमा स्वतः सुरक्षित राहतो, पण त्याच्यामुळे जागा झालेला प्रतिकार नव्याने शिरणाऱ्या अळ्यांना मारतो, कारण त्या कोवळ्या अळ्यांच्या अंगावर यजमानाचे पांघरूण अजून चढलेले नसते. आधीच वस्तीला असलेल्या कृमीला त्यामुळे गर्दीपासून संरक्षण मिळते आणि यजमानाचेही प्राण वाचतात. शिस्टोसोमाची अंडी तर प्रतिकारपेशींच्या मदतीवाचून बाहेरही पडू शकत नाहीत. अंड्याभोवती जमलेल्या पेशींची गाठच ते ऊतीतून आतड्याच्या पोकळीकडे सरकवते, आणि प्रतिकारशक्ती हिरावून घेतलेल्या उंदरांच्या विष्ठेत फारच थोडी अंडी उतरतात. जी अंडी यकृतात अडकतात त्यांच्याभोवती अशाच गाठी बनून पुढे यकृत निबर होते, आणि माणूस आजारी पडतो तो मुख्यतः या गाठींमुळे.

इतर कृमींच्या युक्त्या वेगळ्या आहेत. कुत्र्याच्या टॉक्सोकारा या जंताच्या अळीवर प्रतिपिंडे आणि इओसिनोफिल चिकटले की ती आपले वरचे आवरणच सोडून देते. पेशी रिकाम्या आवरणाला बिलगून राहतात आणि अळी पुढे निघून जाते. फायलेरिया गटातले कृमी, ज्यात हत्तीरोगाचा कृमी मोडतो, पांढऱ्या पेशींनी फेकलेली दाहक ऑक्सिजन-संयुगे निष्प्रभ करणारी विकरे आपल्या पृष्ठभागावर बाळगतात. आतड्याच्या भिंतीला चावा घेऊन रक्त पिणारा अंकुशकृमी, ज्याला हुकवर्म म्हणून लोक ओळखतात, रक्त गोठू न देणारी प्रथिने स्रवतो, आणि कुत्र्यांतील त्याच्या एका जातीत असे प्रथिन सापडले आहे की जे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची चिकटण्याची आकडीच अडवून धरते.

लपणे आणि चुकवणे यांच्या पलीकडचा प्रकार म्हणजे प्रतिकाराची दिशा आणि जोर कृमीने स्वतः ठरवणे. निरोगी शरीरात नियामक टी-पेशी नावाच्या पेशी असतात. अन्नातील प्रथिनांवर, आतड्यातील उपकारक जिवाणूंवर आणि मुख्य म्हणजे शरीराच्या स्वतःच्या ऊतींवर हल्ला होऊ नये म्हणून त्या इतर पेशींना आवरतात. त्यांच्याशी निगडित संदेशवाहक दोन, इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा. यांपैकी टीजीएफ-बीटा हे प्रथिन साध्या टी-पेशीला नियामक पेशीत रूपांतरित करू शकते. कृमींचा दीर्घकाळ संसर्ग असलेल्या माणसांत आणि प्राण्यांत या आवर घालणाऱ्या पेशी व रेणू वाढलेले दिसतात, ही गोष्ट अनेक वर्षांपासून माहीत होती. परंतु ती वाढ म्हणजे जुनाट संसर्गाने थकलेल्या शरीराची स्वतःची प्रतिक्रिया, की कृमीने घडवून आणलेला बदल, याबद्दल वाद होता.

रिक मेझेल्स यांच्या गटाने उंदरांच्या आतड्यात राहणाऱ्या हेलिग्मोसोमॉइडीस पॉलिगायरस या गोलकृमीवर दीर्घकाळ काम करून या वादाला नेमके उत्तर दिले. हा कृमी ज्या द्रवात ठेवला होता त्या द्रवात त्याने सोडलेली प्रथिने वेगवेगळी करून तपासली असता त्यांतील एक प्रथिन पेशींना हुबेहूब टीजीएफ-बीटासारखाच संदेश देत असल्याचे आढळले, आणि त्याची रचना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. आश्चर्य असे की हे प्रथिन टीजीएफ-बीटाच्या कुळातले नाहीच. पाच तुकड्यांची ती एक माळ आहे आणि ते तुकडे एका सर्वस्वी वेगळ्या प्रथिन-कुळातून आलेले आहेत. तरीही ती माळ टीजीएफ-बीटासाठी पेशीवर असलेल्या दोन्ही ग्राहकांना एकाच वेळी धरते आणि पेशीच्या आत तोच संदेश पोचवते. या प्रथिनाने उंदराच्या आणि माणसाच्याही टी-पेशी नियामक बनतात, आणि उंदरांत परक्या त्वचेचे रोपण नाकारले जाण्यास त्यामुळे विलंब होतो. मूळ टीजीएफ-बीटा शरीरात व्रण तयार करण्यासारखी इतरही अनेक कामे करते. कृमीच्या प्रथिनाच्या मागच्या तुकड्यांची पकड मात्र टी-पेशींवर मुबलक असलेल्या दुसऱ्या एका रेणूवर बसते, आणि त्यामुळे त्याचा परिणाम कृमीला हवा तिथेच एकवटतो. किल्लीची नक्कल न करता कुलूप पाहून नवीनच किल्ली घडवावी, तसे उत्क्रांतीने येथे केले आहे. याच कृमीचे आणखी एक प्रथिन इंटरल्यूकिन-३३ ला पकडून मरत्या पेशीच्या डीएनएशी बांधून ठेवते, त्यामुळे धोक्याचा इशारा पेशीबाहेर पडतच नाही. एका बाजूने इशारा रोखायचा आणि दुसऱ्या बाजूने आवर घालणाऱ्या पेशींची भरती करायची, असे दोन्ही उद्योग हा एकच प्राणी करतो.

माणसाच्या हत्तीरोगात हीच तत्त्वे कमालीच्या ठळकपणे दिसतात. टिमोथी लुईस यांनी १८७२ मध्ये कोलकात्यात माणसाच्या रक्तात या कृमीची पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, असल्याचे दाखवले, आणि पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमधील अमॉय येथे त्यांची वाढ डासात होते हे शोधले. ही पिल्ले दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत राहतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास, क्युलेक्स डास चावण्याच्या वेळी, त्वचेजवळच्या रक्तात येतात. विदर्भातल्या गावांत आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर जाऊन बोटाचे रक्त घेतात ते यासाठीच. एकाच वस्तीत, एकाच डासांच्या तोंडी असलेल्या माणसांची स्थिती मात्र तीन तऱ्हांची असते. ज्यांच्या रक्तात पिल्ले भरपूर आढळतात ते बहुधा धडधाकट असतात. त्यांच्या टी-पेशींसमोर प्रयोगशाळेत कृमीचे प्रतिजन ठेवले तर त्या जवळजवळ थंड राहतात, त्यांच्यात इंटरल्यूकिन-१० अधिक असते, आणि आयजीजी४ या सौम्य प्रकारच्या प्रतिपिंडांचे प्रमाण फार वाढलेले असते. ही प्रतिपिंडे ज्या प्रतिजनांना आयजीई धरू पाहते तेच आधी धरून ठेवतात, त्यामुळे दाह भडकत नाही. दुसरीकडे, ज्यांचा पाय सुजून खडबडीत झाला आहे किंवा ज्यांना अंडवृद्धी झाली आहे, त्यांपैकी बहुतेकांच्या, विशेषतः पाय सुजलेल्यांच्या, रक्तात पिल्ले सापडत नाहीत, पण त्यांच्या पेशी त्याच प्रतिजनांना जोरदार उत्तर देतात. मेलेल्या कृमींचे अवशेष आणि त्यांच्या शरीरात वस्तीला असलेले वोल्बाकिया नावाचे जिवाणू बाहेर पडले की दाह वाढतो, लसिकावाहिन्या रुंदावून निकामी होतात, साचलेल्या द्रवात बाहेरचे जिवाणू शिरतात आणि सूज कायमची होते.

तिसरी तऱ्हा फार थोड्यांत दिसते, पण भारतीय डॉक्टरांना ती चांगली परिचयाची आहे. १९४३ पासून ट्रॉपिकल इओसिनोफिलिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात रात्री कोरडा खोकला येतो, धाप लागते आणि रक्ताच्या प्रत्येक घन मिलिमीटरमागे इओसिनोफिलांची संख्या तीन हजारांच्याही वर जाते. रक्तात पिल्ले मात्र सापडत नाहीत, कारण ती फुप्फुसांत पोचताच अतिरेकी प्रतिकार त्यांचा तिथेच फडशा पाडतो आणि त्याची झळ फुप्फुसांना बसते. दमा समजून वर्षानुवर्षे उपचार झालेले असे रुग्ण हत्तीरोगाच्या औषधाने बरे होतात. कृमीचा पुरता पाडाव करणारे शरीर येथे स्वतः आजारी पडते, आणि कृमीला थारा देणारे शरीर ठणठणीत दिसते. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितके चांगले, या सर्वसाधारण समजुतीला यापेक्षा सबळ उत्तर क्वचितच मिळेल. आई गरोदरपणी संसर्गित असेल तर गर्भाची प्रतिकारयंत्रणा कृमीच्या प्रतिजनांशी आधीच परिचित होते, आणि अशी मुले मोठेपणी त्या कृमीला अधिक सहजपणे बळी पडतात, असेही दिसून आले आहे.

कृमीने घातलेला आवर त्याच्यापुरताच मर्यादित राहत नाही. जंतांचा प्रादुर्भाव असलेल्या लोकांत बीसीजी किंवा तोंडाने द्यायची कॉलराची लस यांना मिळणारा प्रतिसाद मंदावतो आणि जंतनाशक दिल्यावर सुधारतो, असे इथिओपिया आणि इक्वेडोर येथील अभ्यासांत आढळले. गॅबनमधील शाळकरी मुलांना दीर्घकाळ जंतनाशके दिली तेव्हा घरातील धुळीतल्या माइट या सूक्ष्म जीवांची ॲलर्जी त्वचेच्या चाचणीत वाढलेली दिसली. हा अभ्यास २००४ मधला. मज्जासंस्थेवर शरीराचा स्वतःचाच हल्ला होणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराच्या, नैसर्गिकरीत्या कृमींचा संसर्ग झालेल्या अर्जेंटिनातील १२ रुग्णांत आजार फारच कमी वेळा उलटला, आणि पुढे त्यांपैकी चौघांना जंतनाशक द्यावे लागले तेव्हा त्याने पुन्हा उचल खाल्ली. चेन्नईतील एका पाहणीत मधुमेह्यांमध्ये हत्तीरोगाचे प्रमाण कमी आढळले. अशा निष्कर्षांवरून डुकराच्या चाबूककृमीची अंडी मुद्दाम रुग्णांना पाजण्याचे प्रयोगही झाले. सुरुवातीचे लहान प्रयोग आशादायक होते, पण आतड्याच्या दाहावरील पुढच्या मोठ्या चाचण्यांत ठोस लाभ दिसला नाही.

या संशोधनाचा अर्थ जंत पोटात असलेले बरे, असा कोणी लावू लागला तर तो घातक ठरेल. अंकुशकृमीची एक जात दिवसाला दर कृमीमागे ०.१५ ते ०.२५ मिलिलिटर रक्त पिते. पोटात असे शंभर कृमी असलेल्या मुलीचे दररोज पंधरा ते पंचवीस मिलिलिटर रक्त जाते, आणि तिच्या आहारातले तुटपुंजे लोह ती झीज भरून काढू शकत नाही. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून दिल्या जाणाऱ्या अल्बेंडाझोलच्या गोळीचे मोल अशा मुलांच्या संदर्भात पाहायला हवे. कृमींकडून घेण्यासारखे आहेत ते त्यांचे रेणू, वर वर्णन केलेल्या टीजीएफ-बीटाच्या प्रतिरूपासारखे, जे शुद्ध करून मोजून-मापून वापरता येतील आणि रक्तही पिणार नाहीत.

हत्तीरोगावरचे औषधही याच प्रतिकारयंत्रणेच्या आधाराने काम करते. डायइथिल कार्बामॅझीन, म्हणजे आरोग्यसेवकांच्या तोंडचे डीईसी, काचपात्रातल्या मायक्रोफायलेरियांना फारसे काही करत नाही. शरीरात मात्र काही तासांत त्यांचा नायनाट होतो, कारण या औषधाच्या प्रभावाखाली शरीराच्या पेशी त्यांना पुन्हा गाठतात. भारतात २००४ पासून सामुदायिक औषधोपचार मोहिमेत ते दिले जाते, आणि डीईसी, अल्बेंडाझोल व आयव्हरमेक्टिन ही तिन्ही औषधे एकत्र देण्याची पद्धत देशात ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नागपूर होता. गोळ्या घेतल्यावर काहींना ताप, डोकेदुखी, मळमळ जाणवते. रक्तात पिल्ले जितकी अधिक तितका हा त्रास अधिक, कारण एकाच वेळी मेलेल्या असंख्य पिल्लांचे आणि त्यांच्यातील वोल्बाकियाचे रेणू रक्तात उतरतात. धडधाकट दिसणाऱ्या माणसाला गोळीने ताप आला की गावभर नाराजी पसरते आणि पुढच्या वर्षी लोक गोळ्या हातात घेतात पण तोंडात टाकत नाहीत, म्हणून आशा सेविकांना समोर उभे राहून गोळी गिळायला लावावी लागते. ज्याला ताप आला त्याच्याच रक्तात कृमींचा सुळसुळाट होता आणि डासांना तो नकळत पुरवठा करत होता, ही गोष्ट लोकांना गोळीसोबतच नीट समजावून सांगितली, तर या मोहिमेची निम्मी अडचण दूर होईल.

कृमी जे पदार्थ स्रवतो त्यांवरून त्याचा माग काढण्याचे काम महाराष्ट्रातही झाले आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगाच्या प्रतिजनांवर आणि प्रतिपिंडांवर आधारित निदानपद्धतींवर अनेक वर्षे संशोधन केले. आज हाताशी असलेल्या चाचणीपट्टीवर बोटाच्या रक्ताचे काही थेंब टाकले की प्रौढ कृमीने रक्तात सोडलेला प्रतिजन ओळखता येतो, आणि त्यासाठी रात्रीची वाट पाहावी लागत नाही. औषधोपचाराच्या ठरावीक फेऱ्या झाल्यावर प्रसार थांबला की नाही हे ठरवण्यासाठी या पट्टीने सहा-सात वर्षांच्या मुलांची तपासणी करतात, कारण मोहीम सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या रक्तात हा प्रतिजन सापडला तर त्या भागात डास अजूनही कृमीची ने-आण करत आहेत, हे त्यावरून थेट कळते.